आठव्या फ्रेमची पाठ

१

आठव्या फ्रेमवरचं पांढरं कापड रेघोटीनं मोठ्या ऐटीत ओढलं, आणि काचेमागे चित्रच नव्हतं.

काच होती, काचेच्या आत क्रीम रंगाचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकटही होती. पण त्या माउंटच्या चौकोनातून मागचा कोरा खाकी पुठ्ठा तेवढा दिसत होता. रेघोटीच्या हातातलं कापड खाली पडलं.

"आत्या, इथं चित्र होतं गं."

"असणारच. कोरा पुठ्ठा बघायला तू मला सकाळी दहा वाजता दोन बस बदलायला लावून बोलावलं नसशील," आत्या म्हणाली. पण तिचे डोळे फ्रेमवर खिळले होते आणि आवाजात थट्टा नव्हती.

आत्या म्हणजे रेघोटीच्या वडिलांची थोरली बहीण. तयार कपड्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं चेकर होती. शिवून आलेला प्रत्येक शर्ट आधी तिच्या टेबलावर यायचा, ती त्यावरून बोट फिरवायची आणि पास झालेल्या शर्टाच्या खिशात 'चेकर नंबर १७' अशी चिठ्ठी घालायची. सतरा नंबरचा माल सदोष निघाला असं दोघांनी म्हणून पाहिलं होतं. दोघांनाही नंतर माफी मागावी लागली. हे आत्या कुणी विचारलं नाही तरी सांगायची.

रेघोटी तिची लाडकी भाची. तीन वर्षांची असताना हात पोचेल तिथवर घरच्या भिंती तिनं रेघांनी भरल्या, तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढायची. खऱ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साडेसात पट असते, फॅशनच्या चित्रात ती नऊ पट करायची असते, म्हणजे कपडा डौलात उतरतो. हे शास्त्र आत्यानं ओळखीच्या प्रत्येक माणसाला ऐकवून झालं होतं.

या वेळची चित्रं मात्र साधीसुधी नव्हती. एका बड्या डिझायनरनं 'श्रम' नावाचं कलेक्शन आणलं होतं. लॉन्ड्रीतल्या बायका अंगावर चढवतात तसे विटके निळे कोट, आणि कोपरांवर मुद्दाम लावलेली ठिगळं. त्यावरून गदारोळ उठला. कुणी म्हणालं हा कष्टाचा गौरव आहे, कुणी म्हणालं ही थट्टा आहे. लॉन्ड्रीतल्या बायका आपले खरे कोट घालून डिझायनरच्या दुकानासमोर आठ दिवस उभ्या राहिल्या. आणि रेघोटीनं आठ चित्रं काढली. कोट हुबेहूब डिझायनरचे, उभं राहण्याचा तोराही तोच, पण चेहरे आणि हात लॉन्ड्रीतल्या बायकांचे. त्यातलं आठवं सगळ्यात सरस, म्हणून पेपरातही तेच छापून आलं होतं.

आज पाच वाजता प्रदर्शन उघडायचं होतं, आणि लॉन्ड्रीतल्या सगळ्या बायका आपापले चेहरे बघायला यायच्या होत्या.

"त्यांना वाटेल मी घाबरले. नाहीतर विकली गेले," रेघोटी म्हणाली.

"आधी फ्रेम खाली घे. रडायला पाचनंतर वेळ आहे," आत्या म्हणाली.

२

फ्रेमवाल्याचं दुकान समोरच्याच फुटपाथवर होतं. तो हातावरचा गोंद पुसत आला, फ्रेम उलटी केली आणि म्हणाला, "ही उघडलेलीच नाही."

"चित्र काय वाफ होऊन गेलं?" आत्यानं विचारलं.

"ते मला माहीत नाही. माझं काम बघा तुम्ही." त्यानं बोट ठेवून दाखवलं. फ्रेमच्या पाठीवर जाडंभरडं सुती कापड चारी कडांना चिकटवलेलं होतं. चारी कोपऱ्यांवर दुकानाचा शिक्का, अर्धा लाकडावर आणि अर्धा कापडावर. "कापड उचललं तर शिक्का तुटतो. चारही शिक्के धड आहेत. आत पुठ्ठा खाचेत बसवलाय, तो फक्त वरच्या बाजूनं सरकतो. चित्र त्या पुठ्ठ्यालाच टाचलेलं आहे. कापड फाडल्याशिवाय पुठ्ठा हलत नाही, आणि कापड तर अखंड आहे."

"कुणी जुनं कापड काढून नवं लावलं तर?"

"कुणी म्हणजे मीच ना? शिक्का माझ्याकडे आहे, म्हणून?" फ्रेमवाल्याचं नाक लाल झालं. "हा निळा डाग बघा. फ्रेम न्यायला आल्या तेव्हा तुमच्या भाचीबाईंनी ब्रश झटकला. माझ्या कोऱ्या कापडावर! तेव्हाच मी बोललो होतो."

"बोलले होते," रेघोटीनं कबूल केलं. "डाग तोच आहे, आत्या. असा चंद्रकोरीसारखा."

म्हणजे कापड जुनंच होतं. आत्यानं बाकीच्या सात फ्रेमा एकेक करून उलटवून पाहिल्या. फ्रेमवाला खालच्या कडेला दोन बोटं कापड मोकळं सोडायचा, तीच त्याची खूण. कडेचे धागे सुटू नयेत म्हणून ते तो दातेरी कात्रीनं कापायचा. सात फ्रेमांच्या त्या झालरीला छान दाते होते.

आठव्या फ्रेमच्या झालरीला दाते नव्हते. कड सरळ होती आणि झालर दोन बोटांऐवजी जेमतेम दीड बोट भरत होती.

"इथं साधी कात्री चालवलीत?" आत्यानं विचारलं.

फ्रेमवाला वाकला, आणि पहिल्यांदाच त्याचा तोरा उतरला. "ही कड माझी नाही," तो म्हणाला.

३

गॅलरीच्या मालकांना खुर्चीवर बसवलं तर ते पुन्हा उभे राहत. मनुष्य सज्जन, पण वाद म्हटलं की ते पळवाट शोधायचे. कोटाचं तुटलेलं बटण त्यांनी स्टेपलरनं जागेवर बसवलं होतं. आत्याची नजर त्या बटणावरून हलेना.

"काल सकाळी अकरा वाजता चित्र होतं," ते म्हणाले. "डिझायनरच्या मॅनेजरबाई आल्या होत्या. आठवं चित्र काढा म्हणाल्या, नाहीतर नोटीस पाठवू. दहा मिनिटं होत्या. मी सोबतच होतो, एक सेकंदही हललो नाही."

"नंतर?"

"बारा वाजता लॉन्ड्रीतून झाकायची कापडं आली. रफूवाल्या मावशी स्वतः घेऊन आल्या. फार चोख बाई हो! पाच वाजेपर्यंत बसून एकेक कापड बसवलं. मी बाहेर ऑफिसातच होतो. शेवटी मीच किल्ल्या वाजवल्या तेव्हा उठल्या. मग कुलूप लावलं, ते आज तुमच्यासमोरच उघडलं."

"किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडेच." आणि मग त्यांना त्या प्रश्नाचा अर्थ कळला. "अहो, म्हणजे मी? मला शर्टाचं बटण लावता येत नाही, मी चोऱ्या काय करणार?"

"तेच बघत होते मघापासून," आत्या म्हणाली.

तेवढ्यात दारात टाचा वाजल्या. मॅनेजरबाई आत आल्या. नखं एवढी लांब की जमिनीवर पडलेली टाचणी उचलायला त्यांना दुसरं माणूस लागलं असतं. त्यांनी रिकाम्या फ्रेमकडे पाहिलं आणि मंद हसल्या.

"शहाणपणा केलात," त्या रेघोटीला म्हणाल्या. "मालकांचा फोन आला तेव्हा मला खरं वाटेना. उगाच ताणलं नाहीत, बरं झालं. वर्तमानपत्रांनाही मी तसंच कळवलंय, की चित्रकर्तीनं स्वतःहून माघार घेतली."

रेघोटीचे कान तापले. मालक आपल्या बुटांकडे बघायला लागले.

"तुम्ही त्यांना फोन केलात?" रेघोटीनं मालकांना विचारलं.

"मला वाटलं, वाद मिटेल," मालक पुटपुटले.

"माघार आमच्या घरात कुणी घेतली नाही," आत्या म्हणाली. "हिच्या रेघा पुसायला हिचा बाप रंगाचा डबा घेऊन आला होता, त्यालासुद्धा परत पाठवलं होतं आम्ही. पाच वाजता या, बाई. आणि चष्मा आणा."

मॅनेजरबाई गेल्या. रेघोटीचा फोन वाजला. लॉन्ड्रीतली एक बाई होती. तिनं एवढंच विचारलं, "खरं का गं? काढून टाकलंस आम्हाला?"

४

आत्यानं खिडकीपाशी स्टूल ओढलं, आठवी फ्रेम मांडीवर पालथी घेतली आणि डोळे मिटले.

चेकरचं काम डोळ्यांचं असतं असं लोकांना वाटतं. डोळे दुपारपर्यंत थकतात, बोटं थकत नाहीत. तिनं उजव्या हाताचं मधलं बोट कापडाच्या वरच्या कडेपासून सुरू केलं. एक ओळ, दुसरी ओळ. रेघोटी श्वास रोखून उभी होती, फ्रेमवाला आणि मालकही.

कडेपासून तीन बोटं खाली तिचं बोट थांबलं. मागे आलं, पुन्हा गेलं, पुन्हा थांबलं. मग तिनं डोळे उघडून त्या जागी पाहिलं. काही दिसेना. उजेडात धरलं, तिरकं धरलं, पर्समधलं भिंग काढलं, तरी दिसेना. आत्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते रेघोटीनं क्वचितच पाहिलं होतं. तो आदर होता.

"इथं कापड कापलंय," आत्या म्हणाली. "चांगलं वीतभर. तिथून पुठ्ठा वर ओढला, चित्र सोडवलं, पुठ्ठा परत बसवला आणि मग कापड रफू केलं. धागा बाहेरचा नाही, याच कापडाचा. म्हणून झालरीचे दाते गेले. कडेचे धागे एकेक करून ओढून काढलेत आणि तेच इथं विणलेत."

"पण दिसत तर काहीच नाही!" फ्रेमवाला म्हणाला.

"दिसलं असतं तर तो रफू कसला? आता विचार करा. मॅनेजरबाई दहा मिनिटंच होत्या, आणि त्या नखांनी सुईत दोरासुद्धा जायचा नाही. हे मालक बटण स्टेपलरनं लावतात. तुम्ही फ्रेमवाले, तुम्हाला उघडायचं असतं तर कापड बदलून नवा शिक्का मारला असता, पण कापड तर जुनंच आहे. आणि वीतभर रफू असा करायचा तर चार-साडेचार तास लागतात." आत्यानं मालकांकडे पाहिलं. "आठ फ्रेमांवर आठ चादरी टाकायला किती वेळ लागतो हो?"

मालकांनी मनातल्या मनात चादरी टाकून पाहिल्या. "अर्धा तास," ते म्हणाले, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"शक्य नाही," रेघोटी म्हणाली. "आठव्या चित्रात त्यांचाच चेहरा आहे, आत्या. स्वतःचंच चित्र कोण चोरेल?"

५

लॉन्ड्रीत वाफ कोंडली होती. मोठ्या रुळांमधून चादरी सपाट होऊन बाहेर पडत होत्या. रफूवाल्या मावशी खिडकीपाशी टेबलक्लॉथ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अंगात तोच निळा कोट होता, एकतीस वर्षं वापरलेला. रेघोटीला बघून इतर बायकांनी माना फिरवल्या.

"मावशी, तुमचं काम बघून आले," आत्या म्हणाली.

"कुठलं?"

"आठव्या फ्रेमच्या पाठीचं."

सुई थांबली. मावशींनी आत्याकडे नीट निरखून पाहिलं. "दिसला?"

"नाही. भिंग लावलं तरी नाही. बोटाला लागला."

"कुठं?" चोरी पकडली गेल्याचं त्यांना काहीच नव्हतं. रफू सापडला, हे मात्र झोंबलेलं दिसत होतं.

"डाव्या टोकाला, शेवटच्या दोन बोटांत. तिथं धागा अंमळ ताणलाय."

"ते किल्ल्या वाजवायला लागले हो!" मावशी कळवळून म्हणाल्या. "दोन बोटं राहिली होती. घाई झाली. एरवी तुमच्या बोटालाच काय, कुणालाही लागला नसता."

"तेही मला कळलंच."

मावशी उठल्या. कपाटातून त्यांनी इस्त्री केलेल्या दोन चादरी काढल्या आणि मधून अलगद चित्र बाहेर घेतलं. त्यावर एक सुरकुती नव्हती.

"पण का, मावशी?" रेघोटी म्हणाली. "लोक म्हणतायत मी विकली गेले."

"ते ऐकून मलाही बरं वाटलं नाही. संध्याकाळी सांगणारच होते मी सगळ्यांना. पण आधी हे बघ." मावशींनी चित्रातल्या कोपरावर बोट ठेवलं. तिथं चौकोनी ठिगळ होतं, पांढऱ्या दोऱ्याच्या मोठ्या फुल्या-फुल्यांनी लावलेलं. "हा टाका बदल म्हणून दोनदा सांगितलं तुला."

"पण तो डिझायनरचा कोट आहे. त्यांनी जसा केला तसाच दाखवायचा होता, तोच तर मुद्दा आहे!"

"मुद्दा तुझा गं. चेहरा माझा, हात माझे, खाली लिहिलंस 'रफूवाली', आणि कोपरावर हे असलं काम! उद्या माझी सून बघणार, तिच्या माहेरचे बघणार. पेपरात छापून आलंय ते आलंयच. एकतीस वर्षांत कुणाच्या नजरेला पडेल असा टाका मी घातलेला नाही." त्यांचा आवाज चढला आणि रुळांजवळच्या बायका थांबल्या. "त्या डिझायनरनं आमचा कोट कधी हातात घेऊन बघितला नाही, म्हणून तू आमच्या बाजूनं भांडलीस. मग तू तरी कुठं बघितलास?"

त्यांनी कोपर पुढे केलं. रेघोटीनं ते दोन्ही हातांत घेतलं. विटकं निळं कापड, कुठेही जोड नाही, ठिगळ नाही.

"सात वेळा फाटलंय तिथं. शोध," मावशी म्हणाल्या.

रेघोटीनं खूप शोधलं. महिनाभर ती या बायकांना समोर बसवून चित्रं काढत होती आणि हे कोपर तिनं फोटोतल्या कोटावरून उतरवलं होतं. तिची मान खाली गेली.

"चुकले मी," ती म्हणाली.

"फाडून का नाही टाकलंत चित्र?" आत्यानं मावशींना विचारलं.

"फाडू कशाला? चेहरा किती छान आलाय! थेट माझ्या आईसारखा."

"आणि कापड? चित्र काढून घेतलंत, कापड तसंच टाकून जायचं. पाच तास वाचले असते, आणि कुणी कापलं याचा कुणाला पत्ताही लागला नसता."

मावशींनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू आत्या चारचौघांत काहीतरी अचकटविचकट बोलली होती. "फाटलेलं तसंच टाकून यायचं? मी?"

आत्याला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. तिला मनापासून वाटलं, ही बाई आपल्या कारखान्यात असती तर चौतीस वर्षं किती सुखाची गेली असती.

"तीन वाजलेत," रेघोटी म्हणाली. तिनं कानामागची पेन्सिल काढून हातात घेतली होती. "मावशी, दोन बोटं राहिलीत म्हणालात ना? सुई घ्या. चला."

६

पाच वाजता लॉन्ड्रीतल्या बायका निळे कोट घालून रांगेनं आत आल्या. मॅनेजरबाईही आल्या, चष्मा लावून आणि दोन पत्रकार घेऊन. सात चित्रं उघडी झाली. आपापल्या चेहऱ्यापुढे एकेक बाई थबकली, हसली, शेजारणीला कोपरानं ढोसू लागली.

आठवी फ्रेम भिंतीवर पाठ पुढे करून टांगलेली होती. जाडंभरडं कापड, कोपऱ्यात निळा डाग, खाली दाते नसलेली झालर. आणि रेघोटीच्या अक्षरात एक पाटी होती, 'या कापडावर वीतभर रफू आहे.'

"आठवं चित्र कुठंय?" पत्रकारानं विचारलं. "माघार घेतलीत असं कळलं."

रेघोटी पुढे आली. चेहरा उतरलेला होता, पण मान ताठ होती.

"माघार नाही. ते चित्र मी चुकीचं काढलं," ती म्हणाली. "डिझायनरचा टाका मी नीट पाहिला आणि या बाईंचा पाहिलाच नाही. म्हणून आज ते भिंतीवर नाही. सोमवारपासून मी लॉन्ड्रीत बसणार आहे, कोपर समोर ठेवून पुन्हा काढणार आहे. तोवर त्या जागी खरं काम लावलंय. चित्र बाहेर काढायला कापड कापावं लागलं, ते मावशींनी जोडलं. कुठं जोडलंय ते शोधा."

घोळका पुढे सरकला. पत्रकारांनी नाकं कापडाला लावली. फ्रेमवाला तर दुपारपासून शोधतच होता. मॅनेजरबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पाच मिनिटांनी त्या सरळ झाल्या.

"इथं काहीच नाही," त्या म्हणाल्या.

लॉन्ड्रीतल्या बायकांत एकदम खसखस पिकली. मागे उभ्या असलेल्या मावशींनी तोंडाला पदर लावला नाही की नजर खाली केली नाही. नऊ डोक्यांच्या उंचीची बाई चित्रात कशी दिसते ते आत्याला ठाऊक होतं. मावशी त्या घटकेला तेवढ्याच उंच दिसत होत्या.

गर्दी पांगल्यावर आत्या फ्रेमपाशी गेली. डोळे मिटून तिनं बोट फिरवलं. उजवीकडून डावीकडे, अगदी शेवटच्या दोन बोटांपर्यंत. मग उलट. मग पुन्हा एकदा, सावकाश.

"लागतोय?" मागून मावशींनी विचारलं. आवाजात धाकधूक होती.

आत्यानं रेघोटीच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली, पर्समधल्या बसच्या तिकिटामागे दोन आकडे लिहिले आणि ते तिकीट घडी घालून मावशींच्या निळ्या कोटाच्या खिशात सरकवलं.

मावशींनी ते काढून वाचलं. त्यावर लिहिलं होतं, १७.